आनंदीबाईंचे बूट : मराठी चरित्रवाङ्मयातील स्त्रीवेषाच्या वाचनाविषयी

मराठीतील स्त्रीविषयक चरित्रवाङ्मयाची चिकित्सा करताना शिक्षण, विवाहवय, केशवपन, पुनर्विवाह आणि परदेशगमन ह्या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. वेषाचा प्रश्न मात्र बहुधा वर्णनाच्या कक्षेत सोडून दिला जातो. नायिकेने काय नेसले होते, पायांत काय घातले होते, हा तपशील चरित्रकाराने वातावरणनिर्मितीपुरता दिला असावा, अशी एक समजूत त्यामागे असते. वेषाची दखल घेतलीच, तर तो दोन ठरीव अर्थांपैकी एकात बसविला जातो. इंग्रजी पद्धतीचा वेष म्हणजे सुधारणा, किंवा टीकाकार प्रतिकूल असल्यास अनुकरण. देशी वेष म्हणजे स्वत्वनिष्ठा. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या बाबतीत ही विभागणी विशेषच दृढ झालेली आहे. अमेरिकेत जाऊनही त्यांनी साडी सोडली नाही, हे विधान त्यांच्याविषयीच्या लेखनात पुनःपुन्हा भेटते. ह्या विधानात असत्य काही नाही. परंतु ते जेवढे सांगते त्याहून अधिक झाकते, असे आनंदीबाईंच्या स्वतःच्या शब्दांकडे परत गेल्यावर दिसून येते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून एक भाषण केले. अठरावे वर्ष पुरे व्हावयास त्यांना अद्याप महिनाभर अवकाश होता. आपण अमेरिकेस का जातो, एकट्याच का जातो, हिंदुस्थानात वैद्यकी शिकण्याची सोय नाही काय, परत आल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याचे भय वाटत नाही काय, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. कॅरोलाइन डॉल ह्या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हे भाषण आलेले आहे. त्यातील दोन स्थळे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एकत्र वाचली पाहिजेत. आजवर ती बहुधा वेगवेगळी वाचली गेली आहेत.

पहिले स्थळ मुंबईच्या अनुभवाचे आहे. हाती पुस्तके घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून माना बाहेर काढून आपल्याकडे पाहत, काही जण गाड्या थांबवीत, रस्त्याने जाणारे हसत आणि ऐकू जाईल अशा आवाजात विचारीत की, बूट आणि मोजे घालून शाळेला निघालेली ही बाई कोण? कलियुगाचा ठसा मनुष्यांच्या मनावर उमटला तो हाच, असाही शेरा त्यात असे. आनंदीबाई हे सर्व फार शांतपणे सांगतात. त्यांच्या सांगण्यात तक्रारीपेक्षा उपरोध अधिक आहे, आणि हा उपरोध त्यांच्या गद्याचा एक दुर्लक्षित गुण आहे.

दुसरे स्थळ बहिष्काराच्या प्रश्नाचे. तेथे त्या म्हणतात त्याचा आशय असा की, आपण येथे राहतो तशाच तेथे राहणार. रीतिभाती, अन्न, वेष ह्यांत कोणताही बदल करण्याचा आपला विचार नाही. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार. ह्या प्रतिज्ञेचा गौरव पुष्कळ झालेला आहे. पण ती करणाऱ्या मुलीचा ‘येथील’ वेष कोणता होता? त्याच भाषणात, काही परिच्छेद आधी, तिने तो सांगितलेला आहे. नऊवारी लुगडे, आणि त्याखाली बूट व मोजे. म्हणजे ज्या वेषात बदल न करण्याचे वचन दिले गेले, त्या वेषात इंग्रजी पादत्राण आधीच सामावले होते. मुंबईच्या रस्त्यावर जे परके म्हणून हसले गेले, तेच श्रीरामपूरच्या सभागृहात ‘आपले’ म्हणून मांडले गेले, आणि ह्यात वक्त्या स्त्रीला काही विसंगती वाटलेली नाही. विसंगती वाटते ती नंतरच्या वाचकाला. कारण त्याने देशी आणि विदेशी ही दोन खाती आधीच उघडून ठेवलेली असतात.

बुटांनाच एवढे हसे का आले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्या काळी ब्राह्मणी घरांतील स्त्रिया घरात अनवाणी असत. घराबाहेर त्यांना पायी जावे लागे ते देवदर्शन, नदी, पाणवठा अथवा नातलगाचे घर येथपर्यंत. वडील माणसांसमोर पायांत वहाणा घालून जाणे हा उर्मटपणा समजला जाई. जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या बाहेर पडण्याची चिन्हे होती. जोडा घातलेली स्त्री ही कोठेतरी निघालेली स्त्री असते, आणि नऊवारी लुगड्याची रचना अशी की ती ही गोष्ट लपू देत नाही. काष्टा घातला म्हणजे घोटा आणि पोटरीचा काही भाग मोकळा राहतो, पाऊल पूर्णपणे दिसते. पुढे पाचवारी आणि सहावारी साडी ‘गोल’ नेसण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा पाऊल साडीच्या घेराखाली गेले. चपला, सँडल, पुढे उंच टाचा ह्यांचा मराठी मध्यमवर्गातील प्रवेश तुलनेने शांतपणे झाला, त्याचे एक कारण हे असू शकेल की तोवर त्यांच्यावर पडदा आलेला होता. किंबहुना गोल साडी जमिनीपर्यंत पोचावी लागते आणि लोळताही कामा नये, म्हणून थोडी उंच टाच तिला सोयीचीच ठरली. वेषाचे दोन घटक एकमेकांना कसे वाट करून देतात, याचे हे लहानसे उदाहरण होय.

ह्या बाबतीत भाषेचीही साक्ष काढता येते. पाश्चात्त्य वस्त्रप्रावरणांपैकी मराठी स्त्रियांनी जे निमूटपणे स्वीकारले त्याची नावे मराठी होऊन गेली. ‘झंपर’ हा शब्द उच्चारताना तो इंग्रजीतून आला आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘सपाता’ कोकणपट्टीत घरच्याच झाल्या. ‘मोजे’ फारशीतून फार पूर्वी आले. लांब बाह्यांची, गळ्याला झालर लावलेली पोलकी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुखवस्तू घरांच्या छायाचित्रांत नऊवारीबरोबर सर्रास दिसतात. इंग्लंडमधील तत्कालीन फॅशनचे ते उघड अनुकरण होते, परंतु त्यावरून कोणी कलियुगाला हाक मारल्याचे दिसत नाही. अंग झाकणारे विदेशी वस्त्र चालले. पाय चालते करणारे चालले नाही. आक्षेप विदेशीपणाला होता असे मानणारी समीक्षा येथे अडखळते.

आता अमेरिकेतील बदलाकडे वळावे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्क येथे पोचल्या, न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडोसिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या, आणि त्याच वर्षीच्या शरदात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील हिवाळ्यात नऊवारीचा उघडा घोटा ही नीतीची नव्हे, प्रकृतीची अडचण झाली. त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला, म्हणजे पाय खालपर्यंत झाकले जातील आणि आत उबदार वस्त्र घालता येईल. हा निर्णय फार बोलका आहे. समोर दोन सोपे मार्ग होते : नऊवारीला चिकटून राहणे, अथवा यजमान देशाचा झगा अंगी चढविणे. त्यांनी तिसरा काढला, आणि तो शेजारच्या प्रांतातून आणला. पतीच्या नोकरीनिमित्त भुजेस राहिलेल्या मुलीला ही नेसण तेथे पाहावयास मिळालेली असणार. म्हणजे काटेकोरपणे पाहता श्रीरामपूरची प्रतिज्ञा मोडली गेलीच. बूट राहिले, बदलली ती साडी. ‘साडी सोडली नाही’ ह्या गौरववाक्यात हा सर्व विचार, ही तडजोड आणि त्यामागची थंडी कोठेच उरत नाही.

ही थंडी गौण नव्हे. आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेतच खालावली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला, त्या वेळी त्यांचे बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. वेषामुळे क्षय झाला असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. परंतु अपुरे वस्त्र, परके अन्न आणि सततचे श्रम ह्यांना व्रत म्हणून वंदन करणारे चरित्रवाचन त्या देहाकडे पाहावयाचे टाळते, एवढे तरी मान्य करावे लागेल. स्वतः आनंदीबाई वैद्यक शिकत होत्या. देहाविषयी त्या आपल्या चरित्रकारांपेक्षा अधिक व्यवहारी होत्या.

ह्या चरित्रकारांत अग्रस्थान काशीबाई कानिटकर यांचे. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्यांनी चरित्र लिहिले. त्याची दुसरी आवृत्ती १९१२ मध्ये निघाली. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र पत्रांच्या आधारे लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पत्रांना जागा देण्याचा त्यांचा निर्णय आजही उपकारक वाटतो. कारण त्यामुळे चरित्रनायिका चरित्रकर्त्रीच्या मतांपलीकडे जाऊन बोलू शकते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८) अधिक लोकप्रिय झाली. तिच्यावरून नाटक झाले, आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. कादंबरी वाचनीय आहे, तिच्यातील गोपाळराव संस्मरणीय आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. शीर्षकापासूनच कथेचा गुरुत्वमध्य पतीच्या विक्षिप्त, हट्टी आणि तेजस्वी व्यक्तिमत्त्वाकडे झुकतो. पत्नीला बरोबर घेऊन उघड्यावर फिरावयास जाणारा हा मनुष्य एकदा केंद्रस्थानी आला, की तिच्या पायांतील बूट हा त्याच्या प्रयोगाचा भाग होतो. ते बूट घालून शाळेपर्यंत चालण्याचे काम कोण करीत होते, हे वाचकाच्या नजरेआड जाते.

गोपाळरावांचा आग्रह नाकारण्याचे अर्थातच कारण नाही. तो आग्रह कोणत्या जातीचा होता हे आनंदीबाईंनीच अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात नोंदविले आहे. लहानपणी बसलेला मार, अंगावर फेकलेली खुर्ची आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, ह्यांचा वयानुसार हिशेब त्या मांडतात, आणि मुलीच्या मनावर ह्याचा काय परिणाम होतो ते शांतपणे पुसतात. ज्या हाताने पुस्तक दिले त्याच हाताने ते फेकून मारले. बुटांचा उगमही तोच असला, तरी उगमावरून वस्तूचा अर्थ ठरत नाही. पतीच्या आज्ञेने पायांत आलेली वस्तू मुंबईच्या रस्त्यावर, रोजच्या हशातून चालता चालता, तिची स्वतःची झाली. म्हणूनच श्रीरामपूरला तिचा उल्लेख पतीच्या नावावाचून होऊ शकला. स्वीकार हा शब्द वापरावयाचा तर तो ह्या ठिकाणी वापरावा.

समकालीन लेखनाचा संदर्भ घेतल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) मध्ये प्रश्न उलटा केला : इंग्रजी पोशाख आणि इंग्रजी राहणी पुरुषांनी उचलली तेव्हा धर्म बुडाला नाही, तो बायकांनीच सांभाळावयाचा काय? पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही साडी ठेवली, आणि अमेरिकेवरील आपल्या १८८९ च्या ग्रंथात तेथील स्त्रियांच्या कंबर आवळणाऱ्या पोशाखावर व टोपीवर मेलेले पक्षी मिरविण्याच्या हौसेवर कोरडे ओढले. दोघींचीही भूमिका अनुकरणाची नाही आणि स्वत्वनिष्ठेच्या पोथीतलीही नाही. त्या वस्तूगणिक विचार करतात. नारायण बापूजी कानिटकर यांच्या ‘तरुणीशिक्षणनाटिके’सारख्या (१८८६) प्रहसनांनी मात्र शिकलेली स्त्री हे एकच हास्यास्पद बाहुले उभे केले, पुढच्या पिढ्यांच्या विनोदी नाटकांनी ते पुष्कळ दिवस वापरले. समीक्षेने त्या बाहुल्याला गंभीरपणे घेऊन ‘नवी स्त्री’ म्हणून संबोधिले, इतकाच फरक.

ह्या ‘नव्या स्त्री’च्या कल्पनेची खरी मर्यादा जातीच्या प्रश्नाशी येऊन उघडी पडते. अनवाणी असणे हे ब्राह्मण घरात कुलीनतेचे लक्षण होते. गावकुसाबाहेर ते लादलेले होते. सवर्णांच्या आळीतून अस्पृश्यांनी पायताण घालून जाऊ नये, असा दंडक अनेक गावांत होता. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ मध्ये नोंदविल्याप्रमाणे महार स्त्रियांना लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवून नेसावे लागे, ते दिसता कामा नयेत. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना केलेला उपदेश ह्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. लुगडे उच्चवर्णीय बायकांप्रमाणे नेसा, जातीची खूण पटविणारे जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले, आणि स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. आनंदीबाईंच्या घराण्यातील बायका जे लुगडे रूढी म्हणून नेसत, तेच महाडला बंडखोरी म्हणून नेसले गेले. एकाच वस्त्राला एका ठिकाणी परंपरा आणि दुसऱ्या ठिकाणी क्रांती म्हणावे लागत असेल, तर वस्त्रावरून स्त्रीची प्रवृत्ती ठरविण्याची पद्धतच तपासली पाहिजे. विद्यापीठीय प्रबंधांतून ‘पाश्चात्त्य वेष’ आणि ‘पारंपरिक वेष’ अशी प्रकरणे अजूनही पाडली जातात. त्यांतील दुसऱ्या प्रकरणात कोणाची परंपरा अभिप्रेत आहे हे बहुधा सांगितलेले नसते.

आनंदीबाईंचे बालपण कल्याणात गेले. त्यांच्या जन्मापूर्वी अकरा वर्षे, १८५४ मध्ये, तेथे आगगाडी आलेली होती. त्याच कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर शहाडच्या पुढचे स्थानक आंबिवली. स्त्रीवेषाच्या इतिहासात ह्या स्थानकाला एक वेगळेच स्थान आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना येथे, मोहने गावाजवळ, उल्हास नदीच्या काठी उभा राहिला. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला म्हणजे त्याचे चमकदार तंतू होतात. हेच रेयॉन, बोलीत नकली रेशीम. सणासुदीपुरते जपून ठेवावयाचे रेशीम ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या घरी तसलाच सुळसुळीतपणा ह्या धाग्याने नेला, आणि वजनाला हलकी, गोल नेसावयाची साडी रोजच्या वापरात आणण्यास असल्या धाग्यांचा हातभार लागला. कारखान्याभोवती वसाहत वाढली, कामगारांची कुटुंबे आली. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. वसाहतीचे पुढे काय झाले हा अर्थशास्त्राचा आणि न्यायालयांचा विषय; वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, ज्या धाग्याने मराठी स्त्रीच्या नेसणीचा पोत बदलला तो विणल्या जाणाऱ्या कापडाची चर्चा कथा-कादंबऱ्यांतून होते, तो कातणाऱ्या वसाहतीतील बायकांचे स्वतःचे लेखन समीक्षेच्या टेबलावर येत नाही.

आंबिवलीच्या फलाटावर आज सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या स्त्रियांत सलवार-कमीज, जीन्स, कुर्ती, क्वचित साडी असे सर्व काही दिसते. पायांत बहुधा सपाट चप्पल किंवा खेळाचे बूट असतात. कचेरीत घालावयाचे टाचेचे जोडे पिशवीत. गर्दीच्या डब्यात चढताना टाच धोक्याची, आणि कचेरीत सपाट चप्पल कमी दर्जाची. दोन तासांच्या प्रवासात दोन पादत्राणे वागविणारी ही स्त्री पाश्चात्त्य फॅशनच्या आहारी गेली, असे वृत्तपत्री सदर म्हणेल. तिने मुक्तीचा स्वीकार केला, असे दुसरे सदर म्हणेल. दोघांनीही पिशवी उघडून पाहिलेली नसते. तिचा निवड करण्याचा प्रदेश अरुंद आहे, त्यात गाडीचे वेळापत्रक, वरिष्ठांची नजर, सासरचे उंबरठे आणि पगार हे सारे आहेत. तरी त्या अरुंद प्रदेशात ती वस्तूगणिक निर्णय घेते, जसा फिलाडेल्फियाच्या थंडीत घेतला गेला होता. आणि कोणी हसलेच तर त्याचे कारण अजूनही बव्हंशी कापडात नसते. उशिरा, एकटी, लांब जाणारे पाऊल हेच आजही त्याचे निमित्त असते.

कल्याण ते कसारा ह्या पट्ट्यातील स्त्रियांची पत्रे, रोजनिश्या, आत्मकथने ह्यांचा संग्रह एखाद्या मराठी विभागाने हाती घेतल्यास त्यात वेषाच्या नोंदी विपुल सापडाव्यात. त्यांचे वर्गीकरण देशी-विदेशी अशा दोन रकान्यांत करावयाचे ठरले, तर श्रीरामपूरच्या भाषणातील बूट कोणत्या रकान्यात टाकावयाचे हे आधी ठरवावे लागेल.